मागच्या दाराने निघायचं होतं

१

मृणालीच्या घराची चावी आमच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिठाच्या डब्यामागच्या खिळ्याला टांगलेली असते. संध्याकाळी शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की मी हात धुते, चावी घेते आणि मागच्या दाराने वाडीत उतरते. आमचं मागचं दार आणि तिचं मागचं दार समोरासमोर आहेत. मध्ये सुपारीच्या झाडांतून चाळीस पावलांची वाट. तिच्या मागच्या दाराला आतून कडी असते, म्हणून घराला वळसा घालून पुढून आत शिरायचं, देवघरात दिवा लावायचा, तुळशीला पाणी घालायचं, पडदे ओढायचे आणि परत यायचं. चौलात अर्धे बंगले आता शनिवार-रविवारपुरतेच उघडतात, त्यामुळे असं काम करणाऱ्या बायका आमच्या आळीतच चार-पाच आहेत.

मृणाली माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा निकेत हा माझ्या नवऱ्याचा, विनेशचा, सख्खा भाऊ. वाडी वाटली गेली तेव्हा दोघांना सारखीच मिळाली. विनेशने अलिबाग-रेवदंडा फेऱ्यांसाठी मिनिडोअर रिक्षा घेतली आणि अजून तीच चालवतो. निकेतने उरणला कंटेनर ओढायचा ट्रेलर घेतला, त्याचे बघता बघता अकरा झाले. ती दोघं राहतात उलव्याला. इथला बंगला हौसेचा. मी आमच्या जुन्या घरात बसून पर्यटकांच्या खानावळींना भाकऱ्या थापून देते.

मला मृणालीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला शहाणी समजायला नको. ती खडूस असती तर सोपं झालं असतं, चार जणींत नावं ठेवून मन मोकळं केलं असतं. पण ती चांगली आहे. येताना माझ्यासाठी न चुकता काहीतरी आणते, माझ्या क्रांतीच्या अकरावीच्या क्लासची चौकशी करते, मला ताई म्हणते. तिने चावी हातात दिली तेव्हाही म्हणाली, "ताई, घर तुझंच आहे असं समज." असं सगळेच म्हणतात. मी मात्र ते घरी नेऊन रात्रभर चघळत बसले.

मार्गशीर्ष लागल्यावरची गोष्ट. दिवाळी करून ती मंडळी गेली त्याला महिना होत आला होता. मी दिवा लावून पडदे ओढायला स्वयंपाकघरात गेले, तर जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची सिंकजवळच्या खिडकीशी होती. मीच कधीतरी पडद्याची रिंग बसवायला घेतली असेल, असं म्हणून मी ती जागेवर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिडकीशी होती. मी उचलायला हात लावला. बसायची जागा कोमट होती.

ऊन पडलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ती खिडकी पूर्वेची आहे आणि संध्याकाळचे सहा वाजले होते, हे मला घरी आल्यावर सुचलं.

२

त्या घराची घरभरणी दसऱ्याला झाली.

आमच्या आळीत घरभरणीची एक रीत आहे. नवं घर मोकळं असताना घरधन्याने त्यात शिरायचं नाही. आधी एका सवाष्णीला आत ठेवायचं, दार बंद करायचं. मग घरधनीण भरली कळशी घेऊन पुढच्या दाराशी येते आणि विचारते, "घरात कोन हाय?" आतली म्हणते, "मी राखन. घर कोनाचा?" बाहेरची आपलं नाव सांगते. मग आतलीने कडी काढायची आणि ती मंडळी आत पाऊल टाकायच्या आधी मागच्या दाराने निघून जायचं. वळून बघायचं नाही. जेवायलासुद्धा बाहेरून फिरून यायचं. का, ते कोणी सांगत नाही. आमच्या लग्नाच्या वेळीही असल्या पन्नास रीती होत्या, त्यांचंही कारण कोणी सांगितलं नव्हतं.

मृणालीने राखणीचा मान मला दिला. दोघींसाठी सारख्या हिरव्या साड्या आणल्या होत्या तिने, मोरपिशी काठाच्या. "दोघी जावा सारख्या दिसू दे," म्हणाली.

मी आत एकटी राहिले. दाराबाहेर बायकांचा कलकलाट, आत नव्या रंगाचा वास. मी सहज स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच अडकले. काळा ग्रॅनाइटचा ओटा, माझ्या अख्ख्या मोरीएवढं सिंक. एक खण ओढून बघितला. सोडला तर शेवटच्या वितभर अंतरात तो आपणहून हळू झाला आणि 'हुस्स' करून मिटला. आमच्याकडचा मांडणीचा खण उघडायला गुडघा लावावा लागतो. मी तो खण पुन्हा उघडला. पुन्हा मिटू दिला. किती वेळा, ते सांगायला लाज वाटते.

मग खिडकीतून समोर बघितलं तर आमचं घर दिसलं. अठरा वर्षं त्या घरात राहते, पण या बाजूने कधी बघितलंच नव्हतं. पत्र्यावर टाकलेली निळी ताडपत्री, दोरीवर माझेच गाऊन, मागच्या पायरीचा उडालेला टवका. तिथे राहणाऱ्या बाईची मला दया आली आणि तिच्याबद्दल शरमही वाटली. मी तोंडाने म्हणाले, "मी इथं असायला हवी होते." मोठ्याने म्हणाले. रिकाम्या घरात आवाज घुमला.

तेवढ्यात बाहेरून मृणालीने विचारलं. मी धावत जाऊन ठरलेलं बोलले, तिने नाव सांगितलं, मी कडी काढली. आणि मग मागे जायच्या ऐवजी मी पुन्हा त्या ओट्याशी गेले. एकदाच, शेवटचं, म्हणून. मंडळी आत आली, गर्दी झाली, मृणालीने मला बघून मिठी मारली आणि हाताला धरून सगळ्यांबरोबर पुढच्याच दाराने पंगतीला नेलं.

पंगतीत ठमी आत्या समोर बसली होती. आळीतली सगळ्यात म्हातारी, विनेशच्या वडलांची आत्या. तिने माझ्याकडे बघितलं. "तू मागून निंगालीस ना गो?"

"व्हय आत्या," मी म्हणाले आणि पानातली खीर ओरपायला लागले.

३

खुर्चीच्या प्रकारानंतर चार दिवसांनी मृणालीचा फोन आला. मी भाकऱ्यांच्या ऑर्डरीत होते, फोन खांद्याला लावला.

"ताई, जेवलीस का? अगं, एक विचारू? रागावू नको हां."

"बोल ना."

"दुपारी तू आमच्याकडे जाऊन बसतेस ना, तर पंखा लावत जा. घामाघूम होत असशील. मी कॅमेऱ्यात बघते ना, तशीच बसलेली असतेस."

हॉलमध्ये कॅमेरा आहे. त्यातून स्वयंपाकघराचा अर्धा भाग दिसतो, ते मला माहीत होतं. मी संध्याकाळी जाते तेव्हा एकदा त्याच्याकडे बघून हसतेसुद्धा.

"मी दुपारी कुठं जाते?" मी म्हणाले. "दुपारी मी आडवी होते. पहाटे चारला उठते मी, मृणाली."

ती मग हळूच म्हणाली, "अगं, बस की. मी काही म्हटलं का? घर तुझंच आहे." तिच्या आवाजात जो समजूतदारपणा होता तो मला झोंबला. चोरी पकडून माफ करून टाकल्यासारखा. मी म्हटलं, पाठव बघू मला ते.

तिने पाठवलं. तव्यावरची भाकरी तशीच ठेवून मी बघितलं. दुपारचे तीन वाजून सात मिनिटं झाली होती. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत एक बाई पाठमोरी. अंबाडा माझा, मान जराशी डावीकडे कललेली. क्रांती मला नेहमी सांगते, आई मान सरळ ठेव. ती बाई दोन मिनिटं काहीही करत नव्हती, नुसती खिडकीतून आमच्या घराकडे बघत होती. अंगावर हिरवी साडी होती, मोरपिशी काठाची.

भाकरी जळल्याचा वास आला तेव्हा मी उठले. गॅस बंद केला, कपाट उघडलं. माझी हिरवी साडी डांबराच्या गोळ्यांच्या पिशवीत, दसऱ्याला घडी केली तशीच होती.

४

माणूस झोपेत चालतो असं मी वाचलंय. दोन दिवस मी तेच धरून बसले. पहाटे चारचं उठणं, दिवसभर तव्याजवळ, डोकं ठिकाणावर नसेल. पण झोपेत चालणारी बाई कपाट उघडून साडी नेसेल, पुन्हा गोळ्यांसकट घडी घालेल, हे काही पटेना. मग मृणालीच साडी नेसून आली असेल का? पण ती तर उलव्याला होती.

विनेशला सांगितलं तर तो हसला. "तुझा जीव तिथंच असतो, शरीर पण जात असेल मागोमाग." मग माझं तोंड बघून म्हणाला, "बरं, उद्या मी गाडी नाय काढत. बसू दोघं दुपारी."

दुसऱ्या दिवशी तीनला मी पुढच्या पडवीत बसले, विनेश समोर सुपाऱ्या सोलत. मी मृणालीला फोन लावला आणि म्हटलं, आत्ता बघ, कॅमेऱ्यात कोण आहे.

"तू आहेस," ती म्हणाली. "ताई, हा काय खेळ आहे?"

"नीट बघ. मी विनेशच्या समोर बसलेय, आमच्या पडवीत. घे, त्याच्याशी बोल."

विनेश बोलला. मृणालीने त्याचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, एक कर. हात वर कर तुझा."

मी हात वर केला. विनेश सुपारी सोलायचा थांबून माझ्या त्या वर केलेल्या हाताकडे बघत राहिला.

"केलास?"

"केला."

"तिने नाही केला," मृणाली म्हणाली. तिने आता 'तू' म्हणायचं सोडलं होतं. "पण मान वळवली. ताई, तिने आवाज ऐकल्यासारखी मान वळवली."

विनेश कोयता घेऊन वाडीतून धावला, मी मागे. दाराला कुलूप होतं. उघडलं, खोल्या बघितल्या, संडाससुद्धा बघितला. कोणी नव्हतं. खुर्ची खिडकीशी होती. ओट्याचा एक खण वितभर उघडा होता आणि आम्ही बघत असतानाच तो हळूहळू मिटला.

"हवेने," विनेश म्हणाला. खिडक्या बंद होत्या.

संध्याकाळी निकेतचा फोन आला, माझ्याऐवजी विनेशला. शनिवारी येतो, कुलूप बदलू, चावी आता आमच्याकडेच ठेवतो, वहिनींना उगाच त्रास. विनेश "व्हय, व्हय" करत राहिला. मला वाईट वाटलं ते चावीचं नव्हे. इतकी वर्षं मनात ठेवून मी जे कोणाला दाखवलं नव्हतं, ते त्या घराने सगळ्यांसमोर खुर्चीत आणून बसवलं होतं.

आणि तरी शनिवारपर्यंत मी दम धरला असता. शुक्रवारी सकाळी क्रांती केसांना तेल लावता लावता म्हणाली, "आई, काल काकीच्या घरातून मला हाक कशाला मारत होतीस? मी क्लासवरून येत होते. खिडकीतून बोलावत होतीस."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्हटलं भूक लागलीय, घरी ये तूच."

५

ठमी आत्या अंगणात वाल सोलत बसली होती. मी तिच्या पुढ्यात बसले आणि सगळं सांगितलं. दसऱ्याला खोटं बोलले तेही सांगितलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"ती कोन हाय आत्या?"

"मना काय ठाव? रीत हाय, ती मोडू न्हाय, एवढाच मना ठाव." तिने एक दाणा सोलून ताटात टाकला. "तू आत ऱ्हायलीस नि तूच भायेर आलीस. मंग जी आत ऱ्हायली तिला कुनी सांगितलाच न्हाय का राखन संपली."

"मग आता?"

"ज्यानं मोडली त्यानंच पुरी करायची. पुढच्या दाराशी जायाचा, इचारायचा. ती बोलंल. घर कोनाचा तिला सांगायचा, मृणालीचा म्हनून, नि कडी निंगायची वाट बघायची. आत जायाचा न्हाय. ती मागून जाईल."

मला जरा हलकं वाटलं. एवढंच असेल तर आजच करते, म्हणाले. आत्याने वाल सोलायचे थांबवले.

"मागून निंगाली का कुठं जाईल ती? मृणालीच्या मागच्या दारातली वाट कुठं जाते?"

ती वाट आमच्या दाराशी जाते. दुसरीकडे कुठेच जात नाही.

"वाडीतून तू जाऊ नको, तिच्या वाटंला आडवी येऊ नको. रस्त्यानं जा, पन तिच्या आधी घर गाठ. ती दाराशी येऊन इचारल. तू आतून सांगायचा, घर माझा. नुसता तोंडानं नाय हां. तुना खरा वाटला पायजे." आत्या माझ्याकडे बघत राहिली. "अठरा वर्सांत कदी बोललीस काय गो, माझा घर म्हनून?"

मी आठवायला लागले. ह्यांचं घर म्हणाले होते. सासूबाईंचं घर, मग जुनं घर. पाहुणे आले की, "आमचं कसलं घर, डोकं टेकायला जागा." आत्याच्या अंगणात बसून मला एकही दिवस आठवेना. मी तिथेच रडले, आणि ती वाल सोलत राहिली, मला रडू दिलं तिने.

६

विनेश गाडीवर होता. त्याने येतो म्हटलं होतं, मीच नको म्हटलं. क्रांतीला क्लासवरून परस्पर ठमी आत्याकडे जायला सांगितलं, मी न्यायला येईपर्यंत तिथून हलू नको म्हणून बजावलं. आमचं पुढचं दार नुसतं ओढून घेतलं, आल्यावर कुलपाशी वेळ जायला नको म्हणून. आणि सूर्य खाली जाताना मी मृणालीच्या पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिले. कळशी घेतली होती. रीतीत कळशी आहे.

आधी कुलूप काढलं. दार ढकलून बघितलं तर हललं नाही. आतून कडी होती.

मी परत जाऊ शकले असते. निकेत उद्या येणार होता, कुलूप बदलणार होता, माझा काही संबंध उरला नसता. मग क्रांती आठवली, खिडकीखाली उभी राहून 'घरी ये तूच' म्हणणारी.

"घरात कोन हाय?" मी विचारलं.

आत स्वयंपाकघरात खुर्ची सरकली. पावलं वाजली, माझीच, उजवी टाच जरा घासणारी. दाराच्या पलीकडे येऊन थांबली. मध्ये सागवानाची एक फळी, आणि पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं.

"मी राखन," माझा आवाज म्हणाला. "घर कोनाचा?"

किती दमलेला आवाज होता तो. माझा आवाज लोकांना असा ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं. मला एकदम वाटलं, आपण हिला इथे दोन महिने उभं करून ठेवलंय.

"घर मृणालीचं," मी म्हणाले. "निकेतचं आणि मृणालीचं. माझं न्हाय. तुझं पण न्हाय. तू जा आता."

मग कडी निघाली. दार उघडलं नाही, नुसती कडी निघाली. पावलं आत वळली. एक खण उघडला आणि हुस्स करून मिटला. एकदाच, शेवटचं, म्हणून. मग मागच्या दाराची कडी वाजली.

मी कळशी तिथेच टाकली आणि रस्त्याने धावत सुटले.

७

रस्त्याने आमचं घर म्हणजे तळ्याला वळसा. वाडीतून चाळीस पावलं, रस्त्याने चारशे तरी असतील. मी चाळीशी ओलांडलेली बाई, पदर खोचून धावत होते, नाक्यावरच्या सदाने दुकानातून विचारलंही, "वहिनी, काय झाला?" उजव्या हाताला झाडांमधून वाडी दिसत होती. मी तिकडे बघितलं नाही.

पुढचं दार ढकलून आत शिरले, पडवी, माजघर, स्वयंपाकघर. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं, कडी घालायला मी विसरले होते. मी त्याच्याजवळ पोचले, कडीला हात घातला, आणि बाहेर पायरीवर उजवी टाच घासली.

"घरात कोन हाय?"

मला धाप लागली होती. तोंड उघडलं तर नुसती हवा आली. आणि माझ्या मागून, आतल्या खोलीतून, क्रांतीचा आवाज आला. ती आत्याकडे गेलीच नव्हती. फोन चार्ज करायला घरी आली होती आणि पुस्तक घेऊन पडली होती, मी आत आल्याचं तिला कळलंही नव्हतं.

"मी आहे गं," क्रांती म्हणाली. "ये ना आई, दार लोटलेलंच हाय."

दार वितभर उघडलं.

हिरव्या साडीचा काठ दिसला, वाडीतल्या मातीने मळलेला. दाराच्या फळीवर चार बोटं, त्यांत तव्याचा डाग असलेलं एक, माझं. चेहरा सांजेच्या अंधारात होता. डोळे तेवढे दिसले. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून ते आत बघत होते, पिठाच्या डब्याकडे, गुडघा लावून उघडायच्या खणाकडे, दोरीवरच्या क्रांतीच्या ओढणीकडे, आणि जिथून 'ये ना आई' आलं होतं त्या खोलीच्या दाराकडे. मी ती नजर ओळखली. दसऱ्याच्या दिवशी काळ्या ओट्याशी उभी राहून मी तशीच बघत होते. माझ्या या घराकडे आजवर कोणीही असं बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

दार आणखी बोटभर सरकलं.

"मी हाय आत," मी म्हणाले. आवाज फुटला तो रडका फुटला. "घर माझं हाय. पोरगी माझी हाय. माझं घर हाय हे."

आणि ते खरं वाटलं. म्हणजे वाटलं नव्हे, तसंच होतं, आणि ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

तिने डोळे खाली घातले. एखाद्या घरी आपण चुकीच्या वेळी गेलो की घालतो तसे. बोटं फळीवरून एकेक करून निघाली. ती वाईट नव्हती. तिला घरी यायचं होतं, एवढंच. मी दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ टेकून खाली बसले.

क्रांती खोलीच्या दारात आली. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पाठीमागच्या दाराकडे.

"तू आत्ता बाहेर होतीस ना?" ती म्हणाली.

८

निकेतने कुलूप बदललं. मृणालीने मात्र नवी चावी मला आणून दिली, आणि देताना "घर तुझंच" म्हणाली नाही. म्हणाली, "ताई, आमच्या घराकडे लक्ष ठेव गं." मला ते फार बरं वाटलं. खुर्ची आता टेबलाशीच असते. कॅमेऱ्यात दुपारी नुसता ओटा दिसतो.

ती गेली कुठे, हे मी ठमी आत्याला विचारलं नाही. मागच्या पायरीवर दुपारचा मी चहा घेऊन बसते तेव्हा एका बाजूला सरकून बसते. सवय झाली आहे. टवका उडालेला भाग माझ्याकडे, चांगला भाग मोकळा.

मी काही बदलून देवमाणूस झाले नाही. परवा मृणालीने नव्या गाडीचा फोटो पाठवला, खूप छान म्हणून कळवलं, आणि भाकरी थापता थापता नेहमीची ती बारीक टोचणी लागलीच. तेवढ्यात मागच्या दाराबाहेर टाच घासली आणि कोणीतरी हळू विचारलं, आतलं कोणी दचकू नये इतकं हळू. मी पिठाच्या हातानेच उत्तर दिलं. आतापर्यंत दर वेळी मीच दिलंय.

क्रांतीला एक सांगून ठेवलंय. बाहेरून माझी हाक आली की लगेच 'ये' म्हणायचं नाही. आधी घरात बघायचं, मी आहे का ते. ती मला हसते, मैत्रिणींना सांगते आमची आई येडी आहे म्हणून. पण बाहेर काही वाजलं की पुस्तकातून मान वर काढून स्वयंपाकघराकडे बघते खरी. तेव्हा मी तव्यावरची भाकरी तशीच सोडते आणि हात वर करून दाखवते.